साचे आणि यंत्रभागांचं प्लेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘हार्ड क्रोम’ एवढे दोनच शब्द लिहिलेला भाग येतो, हा प्लेटिंगवाल्याचा, म्हणजे भागावर धातूचा पातळ थर चढवणाऱ्याचा, नेहमीचा अनुभव. किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), कोणत्या पृष्ठभागावर, नंतर ग्राइंडिंग होणार की नाही, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग फोनाफोनी होते आणि तेच प्रश्न दोन्ही बाजूंनी पुन्हा विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत.

आमच्या भागाला कोणतं प्लेटिंग योग्य?

आधीचा भाग कशाने बाद झाला, ते सांगा. शक्य असेल तर तो झिजलेला भागच दाखवा. निम्मं उत्तर त्याच्यावरच असतं. एकाच दिशेने बारीक रेघा पडल्या असतील तर वाळूसारखं, काचतंतूसारखं काहीतरी घासत होतं. खड्डे आणि तपकिरी डाग असतील तर गंज किंवा आम्ल. समोरच्या भागाचा धातू ओढला जाऊन इथे चिकटला असेल तर तेल कमी पडलं, किंवा एकाच जातीचं पोलाद एकमेकांवर घासत होतं.

घासून होणारी झीज असेल तर पहिला विचार हार्ड क्रोमचा. गंज असेल, किंवा आकार गुंतागुंतीचा असून माप सगळीकडे सारखं हवं असेल, तर इलेक्ट्रोलेस निकेल, म्हणजे विजेशिवाय चढवलेलं निकेल. माल चिकटत असेल तर टेफ्लॉनचे कण मिसळलेलं इलेक्ट्रोलेस निकेल. साधे बोल्ट, ब्रॅकेट गंजू नयेत एवढंच हवं असेल तर जस्ताचं प्लेटिंग पुरतं. जस्त स्वतः आधी गंजतं आणि पोलाद वाचवतं. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर हार्ड ॲनोडायझिंगचाही (पृष्ठभागाचाच कठीण ऑक्साइड बनवण्याचा) विचार करा. आणि भाग वाकून किंवा तडकून मोडत असेल, तर कोणतंही प्लेटिंग त्याला वाचवणार नाही. तिथे पोलाद किंवा डिझाइन बदलावं लागतं.

नळावरचं क्रोम आणि हार्ड क्रोम एकच का?

धातू तोच, काम वेगळं. नळावर क्रोम साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉनच असतं. गंज अडवण्याचं खरं काम त्याखालचा निकेलचा थर करतो, क्रोम फक्त निळसर चमक देतं. हार्ड क्रोम बहुधा थेट पोलादावर चढवतात आणि त्याची जाडी काही मायक्रॉनपासून काही शे मायक्रॉनपर्यंत जाते.

हार्ड क्रोम किती कठीण असतं?

साधारण ८५० ते १०५० विकर्स (कठीणपणा मोजण्याचं एकक). कानस चालत नाही, सरकते. पण हा आकडा थराचा आहे, खालच्या पोलादाचा नाही. मऊ पोलादावर २० मायक्रॉन क्रोम चढवून त्यावर जोराचा बिंदूभार दिला तर गादीवर ठेवलेल्या काचेसारखं होतं: खालचं दबतं, वरचं तडकतं. म्हणून भार जास्त असेल तिथे आधी पोलाद हार्ड करा, मग प्लेटिंग.

दुसरी मर्यादा उष्णतेची. सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे क्रोमचा कठीणपणा झपाट्याने उतरतो. तिसरी मर्यादा कमी लोकांना माहीत असते: या थरात मुळातच डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. तेल धरून ठेवायला त्या उपयोगी पडतात, पण पातळ थर असेल तर ओलावा त्यांतून पोलादापर्यंत पोचतो. ‘क्रोम केलंय, गंजणार कसं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या चिरांमध्ये सापडतं.

क्रोमला इतका वेळ का लागतो?

नेहमीच्या बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात) लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्याच्या शंभराव्या भागाइतकं सल्फेट असतं. तापमान ५० ते ६० अंश. त्यातल्या क्रोमियमच्या प्रत्येक अणूला धातू होण्यासाठी सहा इलेक्ट्रॉन लागतात. निकेलचं काम दोनात होतं. त्यात दिलेल्या विजेतली जेमतेम १० ते २० टक्केच क्रोम बसवण्यात खर्ची पडते, बाकीची पाण्यातून हायड्रोजन सोडण्यात जाते. त्यामुळे चौरस डेसिमीटरला ५० ॲम्पिअर देऊनही तासाला २५-३० मायक्रॉनच्या आसपासच थर चढतो. अर्धा मिलिमीटर भर घालायची असेल तर दिवसभराचं काम आहे. घाईने करंट वाढवला तर थर जळतो आणि कडांवर दाणे येतात.

कडेला जाड आणि खाचेत पातळ थर का बसतो?

वीज सोपी वाट धरते. टोकं, कडा आणि ॲनोडसमोरचा (विजेच्या धन टोकासमोरचा) भाग जास्त करंट खेचतात. आतले कोपरे, खोल खाचा उपाशी राहतात. क्रोममध्ये हा फरक सर्वांत ठळक असतो. उपाय तीन. कडांना निदान ०.५ मिलिमीटर गोलाई द्या. प्लेटिंगवाल्याला भागाच्या आकाराचा ॲनोड किंवा कडेचा जादा करंट ओढून घेणारी तार लावायला वेळ आणि जागा द्या. आणि माप अचूक हवं असेल तर थर जास्त चढवून नंतर ग्राइंडिंग करा. खोल, एका बाजूने बंद भोकात क्रोम जाईल अशी आशा धरू नका.

ग्राइंडिंगबद्दल एक इशारा. क्रोमचं ग्राइंडिंग मऊ चाकाने, भरपूर कूलंटखाली आणि हलक्या कापाने करायचं. नाहीतर थरात उष्णतेचे तडे जातात आणि दोष प्लेटिंगवर येतो.

इलेक्ट्रोलेस निकेल म्हणजे नेमकं काय?

इथे बाहेरून वीज द्यावी लागत नाही. द्रावणातलं सोडियम हायपोफॉस्फाइट निकेलच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवतं, आणि पृष्ठभागावर बसलेलं निकेलच पुढची क्रिया चालू ठेवतं. ॲब्नर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९४० च्या दशकात ही पद्धत वापरण्याजोगी केली. बाथ ८५ ते ९२ अंशांवर चालतो, पीएच साधारण साडेचार ते पाच, आणि तासाला १० ते २० मायक्रॉन थर बसतो.

वीज नसल्यामुळे कड आणि खाच हा भेदच उरत नाही. द्रावण जिथे पोचतं आणि खेळतं राहतं तिथे थर सारखा. आटे, आडवी भोकं, साच्याच्या पाणी फिरण्याच्या वाहिन्या, सगळीकडे. १५ मायक्रॉन मागितले तर कोपऱ्यातही जवळपास १५ मिळतात आणि नंतर ग्राइंडिंगची गरज सहसा पडत नाही. गुंतागुंतीच्या यंत्रभागासाठी आमची पहिली पसंती बहुतेकदा हीच असते.

फॉस्फरस कमी, मध्यम, जास्त: यातलं काय मागायचं?

हायपोफॉस्फाइटमधला फॉस्फरस थरात उतरतो, आणि त्याच्या प्रमाणावर थराचा स्वभाव ठरतो. २ ते ५ टक्के असेल तर थर चढताक्षणीच कठीण असतो आणि अल्कलीत चांगला टिकतो. ६ ते ९ टक्के हा सर्वसाधारण कामाचा प्रकार. १० टक्क्यांच्या वर गेलं की थराची स्फटिकरचना जवळजवळ नाहीशी होते. तो चुंबकाला चिकटत नाही, आम्लाला आणि गंजाला सर्वांत चांगला तोंड देतो.

मध्यम फॉस्फरसचा थर मुळात ५०० ते ६०० विकर्सचा असतो. ४०० अंशांवर तासभर तापवला की तो ८५० ते १००० पर्यंत जातो, म्हणजे हार्ड क्रोमच्या जवळ. मात्र तापवताना थर थोडा आकसतो, बारीक तडे जाऊ शकतात, आणि गंजरोधकता उतरते. कठीणपणा आणि गंजापासून संरक्षण, दोन्ही एकदम कमाल मिळत नाही. कोणतं महत्त्वाचं ते ठरवा. शिवाय २०० अंशांच्या आसपास टेंपर केलेलं (हार्ड केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेलं) पोलाद असेल तर ४०० अंशांवर तेच मऊ पडेल. अशा वेळी २६० ते २९० अंशांवर जास्त तास ठेवण्याचा मध्यम मार्ग आहे, पण तोही पोलादाचा टेंपरिंग चार्ट बघूनच.

प्लॅस्टिकच्या साच्याला काय करावं?

साच्यात कोणता माल जाणार त्यावर. पीव्हीसी तापून कुजलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते. क्रोमियम या आम्लात विरघळतं. जुनं क्रोम काढायला हेच आम्ल वापरतात! म्हणून पीव्हीसीच्या साच्याला जास्त फॉस्फरसचं निकेल, किंवा मुळातच स्टेनलेस जातीचं साच्याचं पोलाद. काचतंतू मिसळलेलं नायलॉन असेल तर झीज गेटपाशी (माल साच्यात शिरतो त्या तोंडापाशी) आणि प्रवाह वळतो त्या कोपऱ्यांत सर्वांत आधी दिसते; तिथे हार्ड क्रोम, किंवा गेटचा इन्सर्ट (बदलता येणारा तुकडा) वेगळा काढून त्यावर पीव्हीडी कोटिंग (निर्वातात वाफेतून बसवलेला पातळ, कठीण थर). मऊ रबरासारखा माल कोअरला (वस्तूची आतली बाजू घडवणाऱ्या भागाला) चिकटत असेल तर टेफ्लॉनमिश्रित निकेल. त्यात आकारमानाने २० ते २५ टक्के टेफ्लॉन असतं, घर्षण खूप कमी होतं, पण थर मऊ राहतो. तो काचतंतूंपुढे टिकत नाही. पारदर्शक वस्तूंच्या साच्याला आरशासारखं पॉलिश केलेल्या पोलादावर पातळ क्रोम देतात. पॉलिश जास्त दिवस राहतं आणि साचा पुसताना ओरखडे कमी पडतात.

साच्याच्या बाबतीत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे हवा सुटायच्या खाचा. नायलॉनसारख्या पातळ वाहणाऱ्या मालासाठी व्हेंट जेमतेम १० ते २० मायक्रॉन खोल असतो. कॅव्हिटीसोबत (वस्तूच्या आकाराच्या पोकळीसोबत) व्हेंटमध्येही १० मायक्रॉन थर बसला आणि पार्टिंगचा पृष्ठभाग (साच्याचे दोन भाग मिळतात तो) मात्र मास्क केला, म्हणजे झाकला, किंवा नंतर ग्राइंड केला, तर २० चा व्हेंट १० चा होतो. मग माल जळतो, शॉर्ट येतो (वस्तू अर्धवट भरते), आणि दोष मशीनच्या सेटिंगमध्ये शोधला जातो. इजेक्टर पिनच्या (तयार वस्तू साच्यातून ढकलणाऱ्या पिनच्या) भोकांचंही तसंच. भोकात १० मायक्रॉन बसले तर व्यास २० ने घटतो. पिनलाही तोच थर दिला तर एकूण ४० मायक्रॉनचा सैलपणा गेला. व्हेंट, पिनची भोकं आणि पार्टिंग लाइन यांचं काय करायचं हे मास्किंगच्या नकाशावर रंगवून द्या. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीपर्यंत पोचत नाही.

साच्याचं टेक्स्चर प्लेटिंगने बुजेल का?

पातळ थराने बुजत नाही, पण चकाकी बदलते. खोल चामड्यासारख्या टेक्स्चरवर पाच-सात मायक्रॉन सहज खपतात. अगदी बारीक मॅट फिनिश असेल तर आधी नमुना तुकड्यावर करून वस्तूचा रंग आणि झळाळी पाहा.

प्लेटिंगने ओरखडे झाकले जातील ना?

नाही. सजावटीच्या कामात वापरतात ते चमकदार तांबं आणि निकेल थोडंफार सपाट करतात; हार्ड क्रोम आणि इलेक्ट्रोलेस निकेल खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा वर आणतात, आणि क्रोम तर खडबडीतपणा वाढवून दाखवतं. जितकं पॉलिश वर हवं, तितकं आधी खाली हवं.

ईडीएम केलेल्या (विजेच्या ठिणग्यांनी कोरलेल्या) साच्यांत आणखी एक पेच. ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला पांढरा थर ठिसूळ असतो, तडकलेला असतो. तो स्टोनने पूर्ण काढला नाही तर प्लेटिंग त्याच्यावर बसतं आणि काही हजार शॉटनंतर त्याच्यासकट निघून येतं. निघालेल्या पापुद्र्याची खालची बाजू पाहा: तिथे पोलादाचा करडा थर चिकटलेला असेल तर प्लेटिंगने आपली पकड सोडलेली नाही.

ड्रॉइंगवरचं माप प्लेटिंगआधीचं की नंतरचं?

हे लिहाच. लिहिलं नाही तर प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो. हिशेब असा: थर एका बाजूला जितका, त्याच्या दुप्पट व्यासात फरक. शाफ्टचा वाढतो, भोकाचा घटतो. ६० अंशांच्या आट्याला मात्र पिच व्यासात (आट्याच्या मध्यउंचीवरच्या व्यासात) थराच्या चौपट फरक पडतो. १० मायक्रॉन थर म्हणजे ४० मायक्रॉन. नट फिरणार नाही यात नवल नाही. हार्ड ॲनोडायझिंगचं गणित निराळं. त्यात ॲल्युमिनियमच ऑक्साइड बनतं, म्हणून ढोबळमानाने निम्मा थर आत आणि निम्मा बाहेर धरतात.

बेकिंग कशासाठी? ते टाळलं तर वेळ वाचेल का?

वेळ वाचेल, भाग कदाचित वाचणार नाही. आम्लात बुडवताना आणि प्लेटिंग होताना सुटणारा अणुरूप हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ पोलादाला फारसा त्रास होत नाही. पण सुमारे १००० मेगापास्कलच्या वर ताकद असलेलं, म्हणजे साधारण ३१ एचआरसीहून (रॉकवेल कठीणपणाचं माप) कठीण पोलाद, ताणाखाली अचानक तुटू शकतं. तेही बसवताना नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, आणि परवानगी असलेल्या भारापेक्षा कितीतरी कमी भारावर. स्प्रिंग, सर्क्लिप, १२.९ दर्जाचे बोल्ट हे नेहमीचे बळी. तुटलेल्या भागावर बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून भाग मोडल्यावर भांडण पोलाद पुरवणाऱ्याशी सुरू होतं.

उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर शक्य तितक्या लवकर, चार तासांच्या आत, १९० ते २२० अंशांवर भट्टीत ठेवणं. किती तास हे पोलादाच्या ताकदीवर; ८ पासून २४ पर्यंत. उद्या सकाळी भट्टी रिकामी झाल्यावर करू, असं चालत नाही, कारण तोवर आत सूक्ष्म तडे सुरू झालेले असू शकतात आणि ते बेकिंगने भरत नाहीत. केस हार्ड केलेल्या (फक्त वरचा पृष्ठभाग कठीण केलेल्या) भागांना तापमान कमी ठेवावं लागतं, नाहीतर पृष्ठभाग मऊ पडतो. हार्ड करून ग्राइंड केलेल्या भागांचा ताण प्लेटिंगच्या आधीही भट्टीत घालून काढावा लागतो. आणि अशा पोलादाला आम्लात जितकं कमी ठेवता येईल तितकं बरं: वाळू मारून किंवा अल्कलीत ॲनोडिक साफसफाई (भागाला विजेचं धन टोक जोडून) करून काम भागत असेल तर तेच करा.

म्हणूनच पोलादाचा दर्जा आणि कठीणपणा आम्ही मालासोबतच्या चलनावर लिहून मागतो. ती कागदी औपचारिकता नव्हे.

प्रत्येक धातूवर प्लेटिंग बसतं का?

बहुतेकांवर बसतं, तयारी वेगळी. स्टेनलेसवरचा ऑक्साइडचा पडदा फोडायला निकेल क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या द्रावणात आधी पातळ निकेल स्ट्राइक (पकडीसाठी पहिला थर) द्यावा लागतो. ॲल्युमिनियमला झिंकेट (द्रावणातून बसवलेला जस्ताचा पातळ थर) लागतं. तांब्यावर इलेक्ट्रोलेस निकेल आपणहून सुरू होत नाही. क्षणभर वीज देऊन किंवा लोखंडाचा स्पर्श करून ते चालू करावं लागतं. ओतीव लोखंडात ग्राफाइट उघडं पडतं, गंधक मिसळलेल्या फ्री कटिंग (सहज कापल्या जाणाऱ्या) पोलादात खड्डे येतात, आणि सिंटर केलेल्या (धातूची पूड दाबून, तापवून बनवलेल्या) भागाच्या छिद्रांत शिरलेलं द्रावण नंतर आठवडाभर झिरपत राहतं. ही छिद्रं आधी बंद करून घ्या.

नायट्रायडिंग किंवा पीव्हीडी घेतलं तर?

नायट्रायडिंग हा थर नाही. ५०० ते ५७० अंशांवर नत्र पोलादातच मुरवतात, त्यामुळे सुटून निघण्याचा प्रश्न नसतो. गंजाविरुद्ध मात्र ते क्रोम-निकेलची जागा घेत नाही. पीव्हीडी थर २ ते ५ मायक्रॉनचे पण फार कठीण, टायटेनियम नायट्राइड २००० विकर्सच्या वर जातं. अडचणी दोन: खोल भोकांत ते पोचत नाही, आणि प्रक्रिया अनेकदा ४०० अंशांच्या वर चालते. डी२ हे हत्यारांचं पोलाद कमी तापमानावर टेंपर केलं असेल तर कोटिंग कठीण आणि खालचं पोलाद मऊ, असा उलटा सौदा होतो. झिजून गेलेलं माप पीव्हीडीने भरून निघत नाही. तिथे क्रोमच.

हार्ड क्रोम विषारी असतं, मग ते वापरायचं का?

तयार थर धातुरूप क्रोमियमचा असतो, त्याला हात लावायला धोका नाही. धोका बाथमधल्या हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेच्या) क्रोमियमचा. त्याच्या फवाऱ्याने कर्करोग होतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात ठेवलं आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला विशेष परवानगी लागते. वाफ ओढणारी यंत्रणा, धूर दाबणारं रसायन आणि सांडपाण्यातलं हेक्झाव्हॅलंट ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं, कमी घातक) करून गाळ वेगळा काढणं यांत काटकसर करणाऱ्याकडे काम देऊ नका, दर कितीही चांगला असो. पर्याय म्हणून टंग्स्टन कार्बाइडची एचव्हीओएफ फवारणी (अतिवेगवान गरम वायूच्या झोताने मारलेला थर) रॉड आणि शाफ्टवर उत्तम चालते. कॅव्हिटीच्या आतल्या कोपऱ्यांत चालत नाही.

जुना थर काढून नवा चढवता येतो का?

येतो, आणि जुन्यावर नव्याचं ठिगळ लावण्यापेक्षा तेच करावं. पोलादावरचं क्रोम कॉस्टिक सोड्यात उलटा करंट देऊन काढतात. आम्लातही निघतं, पण ताकदवान पोलादाला आम्ल टाळावं. इलेक्ट्रोलेस निकेल काढणं जास्त नाजूक, कारण चुकलं तर खालचं पोलाद खातं. साच्यावर वेल्डिंग केलेली जागा असेल तर आधी सांगा. तिथला पोत वेगळा दिसू शकतो.

काम बरोबर झालं हे कसं तपासायचं?

पोलादावरच्या क्रोमची जाडी चुंबकीय गेजने मोजता येते. निकेलला जपून, कारण कमी फॉस्फरसचा थर स्वतःच चुंबकीय असतो आणि गेज फसतं. तिथे एक्स-रे पद्धत किंवा सोबत बुडवलेला नमुना तुकडा बरा. मागणीत मानकाचा क्रमांक घाला: अभियांत्रिकी क्रोमसाठी आयएसओ ६१५८, इलेक्ट्रोलेस निकेलसाठी आयएसओ ४५२७ किंवा एएसटीएम बी ७३३. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याने होते. तिचे तास म्हणजे वापरातली वर्षं नव्हेत. एका थराची दुसऱ्याशी तुलना करायला ती ठीक आहे.

साचा पाठवताना आणि परत आल्यावर काय सांभाळायचं?

पूर्ण खोलून पाठवा. पाण्याच्या वाहिन्या थर हवा असेल तर उघड्या आणि गंज काढून, नको असेल तर प्लग लावून. अर्धवट बंद वाहिनी सर्वांत वाईट, आत राहिलेलं आम्ल नंतर बाहेर येतं. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. तो धुऊन निघत नाही आणि तिथे थर धरत नाही.

परत आल्यावर चिकटलेला माल काढायला पितळी किंवा तांब्याचंच हत्यार वापरा. क्रोम केलेल्या साच्याच्या वाहिन्यांमधला क्षार काढायला हायड्रोक्लोरिक असलेलं रसायन आणू नका, ते कॅव्हिटीवर सांडलं की थर गेला. साचा उतरवला की गंजरोधक तेल मारा. आणि गेटजवळचा रंग पाहत राहा. क्रोमची निळसर झाक जाऊन पोलादाचा करडा ठिपका दिसला, की त्याच आठवड्यात साचा थर काढायला पाठवा. खालचं पोलाद कापलं गेलं की प्लेटिंगआधी वेल्डिंग आणि मशिनिंगही करावं लागतं.